छातीदुखी, हृदयविकाराच्या झटक्यानंतरची

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यानंतर, रुग्ण बरा होण्याच्या काळात पुन्हा उद्‌भवणाऱ्या छातीतील वेदनेचा विचार या नोंदीत केला आहे. हृद्‌रोहिणी (हृदयाच्या स्नायूला शुद्ध रक्त पुरविणारी वाहिनी) रक्ताच्या गुठळीने बंद पडली म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूच्या भागाचा अभिकोथ (रक्तपुरवठा थांबल्यामुळे होणारा ऊतकाचा मृत्यू) होतो. यालाच व्यवहारात हृदयविकाराचा झटका म्हणतात. मृत स्नायूच्या जागी तंतुमय ऊतकाचा व्रण तयार होऊन तो घट्ट होण्यास सामान्यतः ६ ते ८ आठवडे लागतात. या काळात व त्यानंतरच्या काही महिन्यांत छातीत दुखण्याची तक्रार अनेक रुग्ण करतात.

ही वेदना एकाच प्रकारची नसते. काही वेळा ती हृद्‌रोहिणी पुन्हा बंद पडत असल्याची सूचना असते आणि तेथे प्रत्येक मिनिटाला महत्त्व असते. काही वेळा ती हृदयावरणाच्या दाहामुळे, फुप्फुसातील बिघाडामुळे, बरगड्यांच्या दुखापतीमुळे, औषधांनी झालेल्या जठराच्या क्षोभामुळे किंवा केवळ भीतीमुळे उद्‌भवते. प्रत्येक कळ म्हणजे दुसरा झटका असे मानणारा रुग्ण हळूहळू अंथरुणाला खिळतो. उलट प्रत्येक कळ ‘गॅस’ म्हणून सोडून देणारा रुग्ण प्राणास मुकण्याचा संभव असतो. म्हणून या वेदनेचे प्रकार, त्यांची ओळख व तातडीचे उपाय यांची माहिती रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना असणे आवश्यक ठरते. विशेषज्ञ दूर असलेल्या ग्रामीण भागात ही गरज अधिक तीव्र असते. हे स्पष्ट करण्यासाठी विदर्भातील बुलढाणा जिल्ह्याची परिस्थिती पुढे उदाहरणादाखल घेतली आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेत हृच्छूल या नावाने हृदयप्रदेशातील वेदनेचे वर्णन आढळते. श्रमाने सुरू होणाऱ्या व विश्रांतीने थांबणाऱ्या छातीतील वेदनेचे नेमके वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्यांनी १७६८ मध्ये लंडन येथे मांडले व ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. हृद्‌रोहिणी एकाएकी बंद पडूनही रुग्ण जगू शकतो, हे अमेरिकन वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर कित्येक वर्षे अशा रुग्णाला सहा ते आठ आठवडे अंथरुणात जवळजवळ निश्चल ठेवण्याची प्रथा होती. या सक्तीच्या विश्रांतीमुळे पायांतील नीलांत रक्त गोठणे, ती गुठळी फुप्फुसात जाऊन अडकणे, खांदा आखडणे यांसारखे उपद्रव होत आणि त्यांतून छातीदुखीचे नवेच प्रकार निर्माण होत. सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये रुग्णाला लवकर उठवून आरामखुर्चीत बसविण्याची पद्धत पुरस्कारिली व दीर्घकालीन शय्याविश्रांतीचे युग हळूहळू संपले.

विल्यम ड्रेसलर यांनी १९५६ मध्ये झटक्यानंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या, ज्वर व हृदयावरणाचा दाह असलेल्या एका लक्षणसमूहाचे वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आंद्रेआस ग्रुंटसिख यांनी १९७७ मध्ये झूरिक येथे अरुंद हृद्‌रोहिणी फुग्याच्या साहाय्याने रुंदाविण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेज या औषधाची उपयुक्तता १९८६ मध्ये इटलीतील ११,८०६ रुग्णांवरील चाचणीने, तर ॲस्पिरीनसह त्याची उपयुक्तता १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध झाली. रक्तप्रवाह लवकर पूर्ववत होऊ लागल्याने ड्रेसलर लक्षणसमूह आता विरळा झाला आहे. परंतु रोहिणीत बसविलेल्या धातूच्या जाळीदार नळीत (स्टेंटमध्ये) गुठळी होणे हे वेदनेचे नवे कारण पुढे आले आहे. झटक्यानंतरच्या छातीदुखीचे स्वरूप अशा रीतीने चिकित्सापद्धतीबरोबर बदलत गेलेले दिसते.

कारणे : (१) रक्तपुरवठ्याची पुन्हा उद्‌भवणारी न्यूनता : हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. झटका येऊन गेल्यावर २४ तासांनंतर व पहिल्या महिन्याच्या आत श्रमाने किंवा विश्रांतीतही हृत्‌शूल (हृदयस्नायूला रक्त अपुरे पडल्यामुळे होणारी वेदना) होऊ लागला, तर त्यास अभिकोथोत्तर हृत्‌शूल म्हणतात. गुठळी विरघळविणारे औषध गुठळी नाहीशी करते. परंतु ज्या मेदयुक्त थरामुळे रोहिणी मुळात अरुंद झालेली असते, तो थर तसाच राहतो. त्यामुळे केवळ औषध देऊन घरी पाठविलेल्या रुग्णाची रोहिणी पुन्हा बंद पडण्याचा धोका शिल्लक असतो. म्हणूनच असे औषध दिल्यानंतर शक्य तो २ ते २४ तासांत हृद्‌रोहिणीचित्रण (अँजिओग्राफी) करावे, असे आजचे मत आहे. क्वचित झटक्यास कारणीभूत झालेल्या रोहिणीऐवजी दुसऱ्याच अरुंद रोहिणीमुळेही वेदना होते.

स्टेंट बसविलेल्या रुग्णात त्या नळीतच गुठळी होऊ शकते. ही घटना पहिल्या २४ तासांत, पहिल्या महिन्यात, वर्षभरात किंवा त्याहूनही उशिरा घडू शकते. परंतु पहिला महिना अधिक जोखमीचा असतो. बिंबाणूंना (रक्त गोठविण्याच्या क्रियेत भाग घेणाऱ्या सूक्ष्म रक्तघटकांना) परस्परांस चिकटू न देणारी औषधे मध्येच बंद करणे हे तिचे टाळता येण्याजोगे प्रमुख कारण आहे.

(२) परिहृद्‌शोथ (हृदयावरणाची दाहयुक्त सूज) : अभिकोथ स्नायूच्या पूर्ण जाडीत पसरलेला असल्यास त्यावरील आवरणालाही दाह होतो. ही वेदना बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत येते. ती धारदार, टोचल्यासारखी असून दीर्घ श्वास घेतल्यास, खोकल्यास किंवा उताणे झोपल्यास वाढते आणि पुढे वाकून बसल्यास कमी होते. कधीकधी ती मानेच्या मुळाशी व खांद्याच्या वरच्या कडेला जाणवते. श्रवणनळीने ऐकल्यास दोन खरखरीत पृष्ठभाग एकमेकांवर घासल्यासारखा ध्वनी येतो. ड्रेसलर लक्षणसमूहात हीच वेदना एक ते आठ आठवड्यांनी उद्‌भवते. तिच्याबरोबर ताप, अशक्तपणा व काही वेळा फुप्फुसावरणात पाणी होणे ही लक्षणे असतात. मृत स्नायूतील द्रव्यांविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिरक्षा-प्रतिक्रिया हे त्याचे कारण मानले जाते.

(३) हृदयभित्तीची इजा : मृत स्नायू मऊ पडलेला असताना, विशेषतः पहिल्या आठवड्यात, निलयाची (हृदयाच्या खालील कप्प्याची) भिंत किंवा दोन निलयांमधील पडदा फाटू शकतो अथवा झडपेला आधार देणारा स्नायू तुटू शकतो. अकस्मात तीव्र वेदना, धाप, रक्तदाब एकदम उतरणे व शुद्ध हरपणे ही याची लक्षणे होत. हा उपद्रव विरळा, परंतु अत्यंत घातक असतो.

(४) फुप्फुसातील कारणे : पायाच्या नीलेतील गुठळी सुटून फुप्फुसरोहिणीत अडकल्यास (अंतर्कीलन) एकाएकी धाप लागते, श्वासाबरोबर छातीत टोचते व कधी थुंकीतून रक्त पडते. अशा वेळी एका पोटरीला सूज व दुखरेपणा आहे की काय, हे पाहावे. फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) झाल्यास वेदनेबरोबर ताप व खोकला असतो.

(५) स्नायू, अस्थी व सांधे : हृदयक्रिया बंद पडल्यावर छातीवर दाब देऊन ती पुन्हा सुरू केलेली असल्यास बरगड्यांना तडे जाऊ शकतात. ही वेदना कित्येक आठवडे टिकते व बोटाने दाबल्यास नेमक्या जागी दुखते. रोहिणी-उपमार्ग (बायपास) शस्त्रक्रियेत उरोस्थी (छातीच्या मध्यभागी असणारे हाड) उभी कापून पुन्हा तारेने जोडतात. ती सांधण्यास ८ ते १२ आठवडे लागतात व तोवर कूस बदलताना, खोकताना किंवा हात उचलताना दुखणे स्वाभाविक असते. जखमेतून पाणी अथवा पू येणे किंवा हाड कटकट वाजणे मात्र स्वाभाविक नव्हे. स्टेंट बसविल्यानंतर पहिले एक-दोन दिवस रोहिणीची भिंत ताणली गेल्याने मंद, अवघडल्यासारखी वेदना राहू शकते. विद्युत् हृल्लेखात (इसीजीमध्ये) बदल नसल्यास ती आपोआप थांबते.

(६) अन्नमार्गातील कारणे : झटक्यानंतर द्यावयाच्या ॲस्पिरीन व तत्सम औषधांमुळे जठराच्या अस्तराचा क्षोभ होतो. जठररस वर ग्रसिकेत (अन्ननलिकेत) आल्यास छातीच्या मध्यभागी जळजळ होते. ती जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते. डांबरासारखा काळा शौच होणे हे जठरातील रक्तस्रावाचे चिन्ह असल्याने तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. असा रक्तस्राव होऊन रक्तक्षय झाल्यास त्यामुळेही हृत्‌शूल वाढतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

(७) मानसिक कारणे : झटक्यानंतर सुमारे पाचापैकी एका रुग्णास लक्षणीय विषण्णता येते, चिंतेचे प्रमाण त्याहूनही अधिक असते. अशा वेळी डाव्या स्तनाखाली एका बोटाने दाखविता येईल अशा जागी क्षणभर चमक येणे, मुंग्या येणे, वारंवार सुस्कारे टाकणे या तक्रारी आढळतात. वेदना खरीच असते. तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून झिडकारणे चुकीचे ठरते. विषण्ण रुग्ण औषधे व व्यायाम यांकडे दुर्लक्ष करतो आणि त्याचे फलानुमानही (रोगाच्या भावी परिणामांविषयीचे अनुमान) वाईट असते, म्हणून या अवस्थेवर स्वतंत्र चिकित्सा करणे जरूर असते.

वेदनेची ओळख : हृत्‌शूल बहुधा जडपणा, दाब, आवळल्यासारखे होणे किंवा जळजळ या स्वरूपात छातीच्या मध्यभागी जाणवतो. रुग्ण तो बोटाने न दाखविता तळहाताने किंवा मुठीने दाखवितो. वेदना डावा किंवा दोन्ही हात, खालचा जबडा, पाठ वा पोटाचा वरचा भाग यांकडे पसरते. चढण चढताना, भरपेट जेवणानंतर चालताना किंवा संतापाच्या भरात ती येते व थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. सेकंदभर टिकणारी चमक किंवा दिवसभर एकसारखी राहणारी, दाबल्याने वाढणारी वेदना सहसा हृत्‌शूल नसते.

या नियमास महत्त्वाचे अपवाद आहेत. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात काही वेळा वेदना अगदी सौम्य असते किंवा मुळीच नसते. त्याऐवजी धाप, घाम, मळमळ, एकाएकी आलेला थकवा हीच लक्षणे असतात. पोटाच्या वरच्या भागातील वेदना ढेकर आल्यावर थोडी हलकी वाटली, एवढ्यावरून ती पोटाचीच आहे असे ठरविता येत नाही. सर्वांत उपयुक्त खूण म्हणजे साम्य : आताची वेदना पहिल्या झटक्याच्या वेळच्या वेदनेसारखी आहे, असे रुग्ण म्हणत असल्यास ती अन्यथा सिद्ध होईपर्यंत हृदयाचीच मानावी.

निदान : विद्युत् हृल्लेख ही पहिली व सर्वत्र करता येण्याजोगी तपासणी होय. तथापि एकदा अभिकोथ झाल्यावर हृल्लेखातील काही बदल कायम राहतात. त्यामुळे नव्या हृल्लेखात दिसणारा दोष जुना की नवा, हे रुग्णालय सोडतानाच्या हृल्लेखाशी तुलना केल्याखेरीज पुष्कळदा सांगता येत नाही. परिहृद्‌शोथातील बदल बहुतेक सर्व विभागांत विखुरलेले असतात, तर रोहिणी बंद पडल्याचे बदल तिच्या क्षेत्रापुरते मर्यादित असतात.

स्नायूच्या मृत्यूनंतर रक्तात उतरणारे ट्रोपोनीन हे प्रथिन एका ते दोन आठवड्यांपर्यंत वाढलेलेच असते. म्हणून पुन्हा झटका आला किंवा कसे, हे ठरविण्यासाठी काही तासांच्या अंतराने दोनदा मापन करून त्यात नव्याने २०% वा अधिक वाढ झाली आहे का, ते पाहतात. श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या तपासणीने (इकोकार्डिओग्राफीने) स्नायूचे आकुंचन, हृदयावरणातील पाणी, झडपांची गळती व भित्तीतील भोके समजतात. छातीची क्ष-किरण तपासणी, रक्तातील हीमोग्लोबिनाचे प्रमाण व मूत्रपिंडाच्या कार्याच्या चाचण्या पूरक ठरतात. हृत्‌शूल निश्चित झाल्यास हृद्‌रोहिणीचित्रण आवश्यक असते.

तातडीची उपाययोजना : वेदना सुरू होताच रुग्णाने हातातील काम सोडून बसावे, उभ्याने गोळी घेऊ नये, कारण रक्तदाब उतरून घेरी येण्याचा संभव असतो. वैद्याने दिलेली नायट्रोग्लिसरीन किंवा आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट यांची एक गोळी जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत वेदना थांबली नाही किंवा वाढली, तर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आणखी दोन गोळ्या घेता येतात; तीनपेक्षा अधिक घेऊ नयेत. लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारखे औषध मागील २४ तासांत घेतले असल्यास ही गोळी घेऊ नये. टाडालाफिल या औषधाच्या बाबतीत ही मर्यादा ४८ तासांची आहे. वैद्याने सांगून ठेवले असल्यास ॲस्पिरिनाची गोळी चावून खावी. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये.

वेदनेबरोबर घाम, धाप, बेशुद्धी, ओठांना निळेपणा किंवा छातीत धडधड असल्यास गोळीच्या परिणामाची वाट न पाहता लगेच मदत मागवावी. गोळीने वेदना थांबली, तरी ती विश्रांतीत आलेली असल्यास, पूर्वीपेक्षा कमी श्रमाने येऊ लागली असल्यास किंवा वारंवार येत असल्यास त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. गोळीने आराम पडणे हा निदानाचा पुरावा नव्हे. ग्रसिकेच्या आकड्यामुळे होणारी वेदनाही या गोळीने थांबते.

चिकित्सा : चिकित्सा कारणानुसार बदलते. रोहिणी पुन्हा बंद पडलेली असल्यास फुग्याच्या साहाय्याने ती त्वरित उघडणे हा उत्तम उपाय होय. तो वेळेत शक्य नसल्यास गुठळी विरघळविणारे औषध देतात. एकदा स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्या रुग्णाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असल्याने ते पुन्हा देत नाहीत; टेनेक्टेप्लेजसारखे दुसरे औषध वापरतात. पहिल्या वेळी कोणते औषध दिले होते हे माहीत असणे म्हणूनच अगत्याचे असते.

परिहृद्‌शोथावर ॲस्पिरीन अधिक मात्रेत व जोडीला कोल्चिसीन देतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके व स्टेरॉइड औषधे व्रण भरून येण्यात अडथळा आणीत असल्याने ती शक्य तो टाळतात. पाठदुखी वा सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांत बहुधा हीच द्रव्ये असतात. त्यांमुळे झटक्याचा व जठरातील रक्तस्रावाचा असा दोन्ही धोका वाढतो. बरगड्या व स्नायू यांच्या वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल अधिक सुरक्षित समजतात. आम्लपित्तासाठी जठररसाचे स्रवण कमी करणारी औषधे देतात. पण त्यासाठी ॲस्पिरीन स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे.

ॲस्पिरीन व त्याबरोबर क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर यांसारखे दुसरे औषध सामान्यतः एक वर्षभर घ्यावे लागते व त्यानंतर त्यांपैकी एक, बहुधा ॲस्पिरीन, चालू ठेवतात. दात काढणे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांकरिता ती बंद करावयाची किंवा नाही, हे हृदयरोगतज्ञाला विचारूनच ठरवावे. ‘आता बरे वाटते’ किंवा ‘औषधे महाग आहेत’ या कारणांनी ती सोडणे म्हणजे दुसऱ्या झटक्यास वाव देणे होय.

बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण : वरील विवेचनातील प्रत्येक मुद्याला स्थलपरत्वे वेगळे महत्त्व प्राप्त होते. बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ होती. तीपैकी सुमारे चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-हावडा लोहमार्गावर असून खामगावपासून अकोला सुमारे ५० किमी.वर आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरील भाग होय. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाणा शहरास लोहमार्ग नाही व मलकापूरकडे उतरताना राजूर घाट ओलांडावा लागतो. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्या दूरवर विखुरलेल्या आहेत.

हृद्‌रोहिणीचित्रण व फुग्याचा उपचार यांसाठी जिल्ह्यातील रुग्णांना अनेकदा अकोला, छत्रपती संभाजीनगर, जळगाव किंवा नागपूर गाठावे लागते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्याने मेहकर, लोणार व सिंदखेड राजा या तालुक्यांतून मोठ्या शहरांकडे जाणे सुकर झाले. राज्यातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. बुलढाणा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. फुग्याचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंतर्भूत असल्याने खर्चाचा अडसरही काही अंशी दूर झाला आहे.

तथापि विलंबाचा मोठा भाग रस्त्यावर नव्हे, तर घरातच होतो. देशातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे सहा तास आढळला. रात्री उठलेली कळ सकाळपर्यंत सोसणे, सोडा किंवा ओवा घेऊन पाहणे, घरातील कर्ता पुरुष शेतातून किंवा बाजारातून परतण्याची वाट पाहणे, यांत मोलाचे तास जातात. एकदा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या घरी तरी असे होऊ नये, यासाठी वाहन कोणाचे, नेणार कोण व प्रथम कोणत्या रुग्णालयात जावयाचे हे आधीच ठरवून ठेवणे श्रेयस्कर असते. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात हृल्लेख काढून प्रथमोपचार घेणे व तेथून पुढे जाणे हा क्रम बहुधा योग्य ठरतो.

रुग्णालयातून घरी पाठवितानाचा कागद व त्या वेळचा हृल्लेख यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवाव्यात. पहिल्या झटक्याची तारीख, दिलेले गुठळी विरघळविणारे औषध, स्टेंट बसविला असल्यास त्याची जागा व दिनांक, चालू औषधे आणि मधुमेह वा औषधांची ॲलर्जी यांची नोंद त्यांत असावी. रात्रपाळीच्या वैद्याला अनोळखी रुग्णाचा सदोष हृल्लेख पाहून निर्णय घ्यावयाचा असतो. जुना हृल्लेख समोर असल्यास तो निर्णय काही मिनिटांत होऊ शकतो. उष्णतेने फिका होणारा कागद असल्यास त्याची छायाप्रत काढून ठेवावी.

हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमधील कडक उन्हाळ्यात नायट्रोग्लिसरिनाच्या गोळ्या अंगरख्याच्या खिशात किंवा पत्र्याच्या घरात ठेवल्यास त्यांचा प्रभाव कमी होतो. त्या मूळच्या गडद काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून, थंड जागी ठेवाव्यात व मुदत संपताच बदलाव्यात. लघवी वाढविणारी व रक्तदाब कमी करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास उन्हात काम करताना पाणी कमी पडून भोवळ येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात (भूजल खारे असलेल्या पट्ट्यात) मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आढळतात. अशा रुग्णांत वेदनाशामक गोळ्या अधिकच घातक असतात व रोहिणीचित्रणापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य तपासून घेणे आवश्यक असते.

पूर्वपदावर येणे : उपद्रव नसलेल्या रुग्णाला पहिल्या एक-दोन दिवसांतच उठवून बसवितात व थोडे चालवितात. घरी गेल्यावर सपाट जागी दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून चार ते सहा आठवड्यांत ३० मिनिटांपर्यंत पोहोचावे. चालता चालता सहज बोलता येईल इतकीच गती असावी. जेवणानंतर तासभर व उन्हाच्या वेळी चालू नये. दोन मजले जिने न थांबता व न दुखता चढता आल्यास लैंगिक संबंधांस सहसा हरकत नसते.

शेतकऱ्याच्या बाबतीत कामाची प्रतवारी लावणे सोयीचे असते. देखरेख, निवडणे-टिपणे यांसारखी बसून करावयाची कामे काही आठवड्यांत सुरू करता येतात. निंदणी, कापूस वेचणी ही कामे थोड्या वेळापासून वाढवीत न्यावीत. वखरणी, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चालणे, सोयाबीन वा कापसाची पोती उचलणे, विहिरीतून पाणी ओढणे ही कामे श्वास रोखून जोर लावावयाची असल्याने रक्तदाब एकदम वाढवितात. ती श्रमचाचणीनंतर व बहुधा दोन ते तीन महिन्यांनीच करावीत. शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या पायी वारीसारखा कित्येक दिवसांचा प्रवास हृदयरोगतज्ञाच्या तपासणीवाचून करू नये. एकादशी, रोजे इ. उपवासांत औषधांच्या वेळा चुकू नयेत, याची व्यवस्था आधी वैद्याला विचारून करावी.

विडी, गुटखा, खर्रा इ. कोणत्याही स्वरूपातील तंबाखू पूर्णतः वर्ज्य करणे हा दुसरा झटका टाळण्याचा अतिशय प्रभावी व बिनखर्ची उपाय आहे. रक्तदाब, मधुमेह व रक्तातील कोलेस्टेरॉल यांवर नियंत्रण ठेवावे लागते. योगाभ्यासाचाही पुनर्वसनात उपयोग होतो. शवासनाच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास मुंबईचे हृदयरोगतज्ञ के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला होता. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातील २४ केंद्रांत केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योगाधारित पुनर्वसनामुळे रुग्णांचे स्वास्थ्य सुधारते व ते पूर्वीच्या व्यवहारांकडे अधिक प्रमाणात परततात, असे आढळले. मृत्यू व पुन्हा येणारे झटके यांत मात्र निश्चित फरक सिद्ध झाला नाही. अशा पुनर्वसनास यंत्रसामग्री फारशी लागत नसल्याने ते तालुक्याच्या ठिकाणीही चालविता येण्याजोगे आहे.

कुटुंबीयांची भूमिका यात निर्णायक असते. रुग्णाला पाण्याचा तांब्याही उचलू न देणे किंवा त्याच्या प्रत्येक तक्रारीवर गंभीर चेहरे करणे यामुळे भीती बळावते. श्रमाने येणारी, पसरणारी, पाच मिनिटांत न थांबणारी किंवा घाम व धाप यांसह येणारी वेदना एवढीच तातडीची समजावी. अन्य वेदना टिपून ठेवून पुढील तपासणीत वैद्यास सांगाव्यात. वेदना केव्हा, कशाने व किती वेळ आली आणि कशाने थांबली, याची वहीत केलेली नोंद निदानास पुष्कळ साहाय्य करते. वेळीच ओळखलेली धोक्याची वेदना बहुधा उपचारसाध्य असते आणि निरुपद्रवी वेदनेचा उलगडा झाला म्हणजे रुग्ण पुन्हा कामाला लागू शकतो.